बंदुकांची खानेसुमारी

तंजावरच्या राजवाड्याच्या परिसरात शिरणाऱ्या प्रवाशाच्या नजरेत प्रथम भरते ते एक उंच, वर निमुळते होत गेलेले गोपुर. घाट देवळाचा, पण आत देव नाही. त्यास कूडगोपुर म्हणतात, आणि शस्त्रागाराचा मनोरा या नावानेही ते ओळखले जाते. उंची एकशेनव्वद फुटांच्या आसपास. १८५५ साली तंजावरचे राज्य खालसा झाले तोवर टेहळणीसाठी आणि शस्त्रे ठेवण्यासाठी असा त्याचा दुहेरी उपयोग होत असे. नायक राजांनी उभारलेल्या आणि व्यंकोजीराजांच्या वंशजांनी वाढविलेल्या या राजवाड्यात आज सरस्वती महालातील पोथ्या पाहावयास मिळतात, दरबाराचा रंगीत दिवाणखाना पाहावयास मिळतो, पंचधातूच्या सुंदर मूर्ती पाहावयास मिळतात. शस्त्रागार मात्र रिकामे आहे.

या शस्त्रागारात एकंदर किती शस्त्रे होती? प्रश्न साधा आहे, परंतु त्याला सरळ उत्तर नाही. आणि ते का नाही हे पाहू लागले म्हणजे अगदी आजच्या एका प्रश्नाची गाठ सैल होऊ लागते. घरोघर जाऊन, दार वाजवून, 'आपल्या घरी बंदूक आहे काय?' असे विचारल्याने घरोघरच्या बंदुकांचा खरा अंदाज लागतो काय? त्या वाढत आहेत की घटत आहेत, हे अशा पाहणीवरून ओळखता येते काय? जगातील काही देशांत या प्रश्नावर विद्वानांची आणि कायदेकर्त्यांची पाऊणशे वर्षे हुज्जत चालली आहे. आपल्याकडे तो प्रश्न फारसा कोणी विचारीतच नाही, ही गोष्ट निराळी.

तंजावरच्या शस्त्रागाराची हकीकत अशी. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्यकारभार इंग्रजांच्या हवाली केला आणि किल्ला व त्याच्या भोवतालचा थोडा मुलूख तेवढा आपल्याकडे ठेवला. लढाया संपल्या, शस्त्रे राहिली. नायकांच्या काळची कट्यारे, मराठ्यांच्या तरवारी, अंकुश, भाले, तोड्याच्या बंदुका ही सारी मिरवणुकीची आणि मानाची सामग्री बनली. सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे १८५५ च्या ऑक्टोबरात औरस पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. पुढच्या वर्षी फोर्ब्स नावाचा कमिशनर फौजेनिशी राजवाड्यात आला, त्याने मालमत्तेचा ताबा घेतला आणि दारांवर मोहरा लावल्या. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी त्याविरुद्ध दावा लावला. तो विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ साली, राज्यसत्तेने केलेल्या अशा कृत्याचा न्याय न्यायालयास करता येत नाही, असा निकाल लागला. तीन वर्षांनी, १८६२ मध्ये, सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली.

शस्त्रांच्या नशिबी मात्र निराळे होते. १८६० नंतरच्या त्या दशकात शस्त्रागार मोडण्यात आले. निवडक शस्त्रे मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात गेली आणि उरलेल्या शस्त्रांचे ढीग जुने लोखंड म्हणून विकण्यात आले. वॉलहाउस या मद्रास मुलकी सेवेतील अधिकाऱ्याने त्यांतील काही मिळवून जपून ठेवली आणि १८७८ साली 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात या जुन्या शस्त्रागाराविषयी लेख लिहिला. (मुलकी अधिकाऱ्यांच्या हातून अशा वस्तू नष्ट होतात आणि त्यांच्याच हातून त्या वाचतातही, हे त्या खात्याचे जुने वैशिष्ट्य आहे.) तंजावरची कट्यारे आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयातही पाहावयास मिळतात. दरबारचे मोडी लिपीतले कागद मोठ्या संख्येने टिकले. शस्त्रे मात्र मोडीत गेली.

आता या शस्त्रांची मोजणी कशी करावयाची? राजाच्या कारकुनाने केली असती तर ती नगांनी झाली असती, आणि गंजलेली, मुठ तुटलेली तरवारही तीत आली असती. कारण तो ठेव मोजीत होता. संग्रहालयाच्या अधिकाऱ्याने जे नाजूक व दुर्मिळ तेवढेच मोजले. तो कलाकृती मोजीत होता. लोखंडाच्या व्यापाऱ्याने काटा लावला आणि वजन घेतले. तिघेही आपापल्या परीने प्रामाणिक. परंतु तिघांचे आकडे एकाखाली एक मांडून कोणी म्हणू लागला की तंजावरात शस्त्रे अमुक पटीने घटली, तर त्याला काय म्हणावे? ढीग एकच होता, मोजणाराचा हेतू बदलत गेला.

आणि हे तर एका छपराखालचे, एका मालकीचे, पहाऱ्यातले शस्त्रागार. राजवाड्याच्या बाहेर पाऊल टाकले आणि राजवीथींतल्या घरांकडे वळले म्हणजे खरी अडचण सुरू होते. घरातले शस्त्र कोणाच्या पहाऱ्यात नसते. ते माळ्यावर असते, पेटीत असते, धान्याच्या कणगीत असते. आणि पुष्कळदा ते आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊकही नसते. मराठी कुटुंबांत खंडेनवमीला शस्त्रे बाहेर निघतात, पुसली जातात, त्यांस गंधफूल वाहिले जाते. वर्षातला तो एक दिवस असा, की त्या दिवशी कोणी घरोघर हिंडला असता तर त्याला काहीएक खरी मोजदाद करता आली असती. दुसऱ्या दिवशी तेच दार वाजवून तोच प्रश्न केला तर उत्तर निराळे मिळण्याचा संभव आहे, विशेषतः विचारणाराच्या हातात सरकारी वही असेल तर.

सरकारी वहीची ही धास्ती निराधार नव्हती. १८५७ च्या उठावानंतर कंपनी सरकारने शस्त्रे काढून घेण्याचे सत्र आरंभिले. अवध प्रांतात या मोहिमेत सहाशेहून अधिक तोफा, दीड लाखाहून अधिक बंदुका आणि पाच लाखांहून अधिक तरवारी जमा झाल्याच्या नोंदी आहेत. आकडे दिपवून टाकणारे आहेत. परंतु ते कशाचे आकडे आहेत? जमा झालेल्या शस्त्रांचे. विहिरीत टाकलेली, शेतात पुरलेली, सोयऱ्यांकडे धाडलेली शस्त्रे अशा यादीत येण्याचा संभवच नव्हता. जमा झालेले शस्त्र हे घरात असलेल्या शस्त्राइतकेच शिपायाच्या धाकाचेही माप असते. मोहीम कडक झाली की आकडा फुगतो, सैल झाली की ओसरतो. घरात असलेले जेवढ्यास तेवढेच राहते. आजदेखील पोलिसांनी पकडलेल्या बेकायदा बंदुकांची वार्षिक संख्या वाचून 'बंदुका वाढल्या' किंवा 'बंदुका घटल्या' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे. वाढला असेल तो कदाचित पोलिसांचा उत्साह.

पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा आला, स्वातंत्र्यानंतर १९५९ चा आला, आणि परवान्यांची नोंद ही आपल्या देशातील बंदुकांची अधिकृत मोजणी बनली. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात चालू परवाने सुमारे ३३ लक्ष ६९ हजार होते. त्यांपैकी पावणेतेरा लक्ष एकट्या उत्तर प्रदेशात आणि पावणेचार लक्षांच्या आसपास जम्मू-काश्मिरात. महाराष्ट्रात ८४ हजार आणि तंजावर ज्यात येते त्या तमिळनाडूत अवघे साडेबावीस हजार. या आकड्यांवरून प्रांताप्रांतांच्या स्वभावाविषयी पुष्कळांना पुष्कळ बोलावेसे वाटेल. पण आधी हे पाहिले पाहिजे, की परवाना म्हणजे बंदूक नव्हे. २०१९ ची दुरुस्ती होईपर्यंत एका परवान्यावर तीन हत्यारे बाळगता येत, दुरुस्तीनंतर ती मर्यादा दोनावर आली. परवाना म्हणजे घरही नव्हे. एका घरात बापाचा एक आणि मुलाचा एक असू शकतो. शिवाय चालू स्थितीत नसलेल्या, केवळ पुराणवस्तू म्हणून भिंतीवर टांगलेल्या हत्याराला कायदा निराळ्या दृष्टीने पाहतो. म्हणजे पणजोबांची तोड्याची बंदूक ही बंदूक आहे की शोभेची वस्तू, हा तंजावरच्या लोखंडी ढिगाचा प्रश्न प्रत्येक दिवाणखान्यात नव्याने उभा राहतो.

आणि परवान्याबाहेरच्या बंदुका? जिनिव्हा येथील 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेने २०१७ च्या अखेरीची स्थिती धरून असा अंदाज दिला, की भारतात नागरिकांपाशी सात कोटी अकरा लक्ष बंदुका आहेत आणि त्यांपैकी नोंदलेल्या फक्त सत्त्याण्णव लक्ष. म्हणजे अदमासे सातांत एक नोंदीत, सहा अंधारात. या अंदाजाचा पुष्कळ उल्लेख होतो आणि तो जणू कोणी मोजून आणला आहे अशा थाटात होतो. वास्तविक तो अंदाज आहे. अंधारातल्या सहांना कोणी पाहिलेले नाही. त्या संस्थेने आपले काम दडवून केलेले नाही, हे मान्य करूनही असे म्हटले पाहिजे, की ज्या आकड्याचा मोठा हिस्सा तर्काने भरलेला आहे त्याच्या आधारे या वर्षापेक्षा पुढच्या वर्षी काय झाले हे सांगता येणार नाही.

मग विचारूनच का पाहू नये? येथे अमेरिकेचा दाखला उपयोगी पडतो, कारण तेथील स्थिती आपल्या नेमकी उलट आहे. आपल्याकडे नोंदवही आहे, विचारणा नाही. तेथे विचारणा आहे, नोंदवही नाही. १९८६ च्या एका कायद्याने केंद्र सरकारला बंदुकांची आणि त्यांच्या मालकांची देशव्यापी नोंदवही ठेवण्याची मनाई केली आहे. त्यामुळे त्या देशात घरोघरच्या बंदुकांविषयी जे काही कळते ते मुख्यतः लोकांना विचारून. गॅलप या संस्थेने १९५९ साली हा प्रश्न केला तेव्हा शंभर घरांपैकी एकोणपन्नास घरांत बंदूक असल्याचे उत्तर आले. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेतर्फे होणारी 'जनरल सोशल सर्व्हे' ही पाहणी १९७३ पासून तोच प्रश्न विचारीत आली आहे. तिच्यात सत्तरीच्या दशकात निम्म्याच्या जवळपास घरे 'होय' म्हणत. २०१४ साली हे प्रमाण एकतीस-बत्तीसांवर उतरले. त्याच वर्षी गॅलपला मात्र शेकडा बेचाळीस 'होय' मिळाले. एक देश, एक वर्ष, जवळजवळ एकच प्रश्न आणि दहा टक्क्यांची तफावत! एक संस्था घरी जाऊन समोरासमोर विचारीत होती, दुसरी दूरध्वनीवरून. एका संस्थेच्या पाहणीवरून असे दिसते, की बंदुका बाळगणारी घरे झपाट्याने कमी होत आहेत. दुसरीवरून असे दिसते, की फारसे काही बदललेले नाही. आणि या दोन वाक्यांवर दोन राजकीय पक्षांची भाषणे उभी राहतात.

श्रोत्यांपैकी जे व्यापारउदिमात आहेत त्यांना तराजूचा पासंग ठाऊक असतो. पारडी समतोल नसली म्हणजे प्रत्येक वजन तेवढ्याने चुकते. पण गंमत अशी, की पासंग रोज तेवढाच राहिला तर त्याच तराजूवर रोज तोललेला माल वाढला की घटला हे बरोबर कळते. खरे वजन किती हे तेवढे कळत नाही. पाहणीचेही तसेच आहे. दहांतला एक जण दरवर्षी खोटे बोलत असेल तर आकडा चुकेल, पण कल चुकणार नाही. धोका तेव्हा, जेव्हा पासंगच हळूहळू बदलतो. म्हणून या साऱ्या वादाचे मर्म 'लोक खरे बोलतात काय?' हे नसून 'लोक पूर्वी जेवढे खरे बोलत तेवढेच आजही बोलतात काय?' हे आहे. पहिला प्रश्न सर्वांना सुचतो. दुसरा विचारावयाचे पुष्कळदा राहूनच जाते.

लोक खरे बोलतात की नाही, हे तपासण्याचे प्रयत्न झालेले आहेत. ज्यांच्या नावे पिस्तूल नोंदलेले आहे किंवा ज्यांनी शिकारीचा परवाना काढलेला आहे अशा लोकांना, ही माहिती आपल्यापाशी आहे हे न सांगता, विचारून पाहण्यात आले. नव्वदीच्या दशकात मिशिगन राज्यात झालेल्या अशा तपासणीत दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी बंदूक असल्याचे कबूल केले. हे आश्वासक आहे. पण ज्याने एकदा स्वतःहून सरकारदरबारी नाव नोंदविले तो प्रश्नकर्त्यालाही सांगेल, यात नवल ते काय? ज्याने सरकारला सांगितलेले नाही, तो पाहणीवाल्याला सांगतो काय, हे या कसोटीवर कळण्याचा मार्गच नाही. कसोटीचा दगड सोने तपासतो. पेटीत दडवून ठेवलेला दागिना त्यावर घासता येत नाही.

दुसरे एक निरीक्षण अधिक मनोरंजक आहे. एकाच प्रकारच्या विवाहित कुटुंबांत, कधी पतीला आणि कधी पत्नीला, हाच प्रश्न केला असता पतींकडून येणारे 'होय' पत्नींकडून येणाऱ्या 'होय'पेक्षा सातत्याने अधिक भरते. लग्न झालेले पुरुष आणि लग्न झालेल्या स्त्रिया यांची घरे तर एकच! मग बंदूक गेली कोठे? काही घरांत पत्नीला ती ठाऊक नसते, काहींत ठाऊक असून सांगण्याची इच्छा नसते. १९९८ साली या तफावतीवर अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर 'घरी बंदूक आहे काय' यापेक्षा 'आपली स्वतःची बंदूक आहे काय' हा प्रश्न अधिक भरवशाचा, असे मत बळावले. माळ्यावरच्या पेटीची आठवण येथे कोणालाही व्हावी.

परंतु या सर्वांपेक्षा एक कारण असे आहे, की ज्यात कोणी खोटे बोलत नाही आणि तरीही कल फसवा ठरतो. आपल्या जुन्या 'खानेसुमारी' या शब्दातच ते दडलेले आहे. खाना म्हणजे घर. खानेसुमारी म्हणजे घरांची मोजणी. आता घर हीच वस्तू बदलत गेली तर? समजा, एका गावात दहा एकत्र कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाकडे एक बंदूक आहे. शंभर टक्के घरांत बंदूक. पुढे वाटण्या झाल्या, दोन भावांच्या दोन चुली झाल्या. बंदूक अर्थातच थोरल्याकडे राहिली. आता घरे वीस, बंदुका दहाच, आणि पाहणीचा आकडा पन्नास टक्के! बंदूक एकही कमी झालेली नाही, गावात शांततेचे वारे वाहू लागलेले नाहीत, केवळ भिंत पडली आहे. अमेरिकेत १९७३ साली सरासरी कुटुंब तीन माणसांचे होते, २०१४ साली ते अडीचवर आले. एकट्या राहणाऱ्यांची घरे वाढली. तेव्हा घरांच्या प्रमाणातील घसरणीचा काही भाग तरी बंदुकीचा नसून कुटुंबाचा आहे, हे उघड आहे. घरामागे किती हे न विचारता माणसामागे किती हे विचारले तर तीच उतरण बरीच सौम्य दिसते. तंजावरच्या राजवाड्यात १८५५ साली एकच घर होते. त्यातल्या प्रत्येक राणीची निराळी चूल धरून मोजणी केली असती, तर शस्त्र बाळगणाऱ्या घरांचे प्रमाण एका दिवसात कोसळले असते.

उलट दिशेनेही फसगत होते. घरे घटत असतानाच बंदुका वाढत राहू शकतात. अमेरिकेत २०२० या एका वर्षात बंदूक खरेदीशी संबंधित पूर्वतपासण्या चार कोटींच्या घरात गेल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, परंतु कल स्पष्ट आहे. २०१५ साली झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले, की तेथील खासगी बंदुकांपैकी निम्म्या बंदुका प्रौढांपैकी केवळ शेकडा तीन लोकांपाशी एकवटलेल्या आहेत. बंदुका वाढल्या असे म्हणणाराही खरा आणि बंदुकीची घरे घटली असे म्हणणाराही खरा. अपघाताने मुलाच्या हाती घोडा लागण्याची किंवा घरातील दुःखी माणसाने क्षणात जीव देण्याची भीती ज्याला आहे त्याने घरे मोजावीत; चोरट्या बाजारात किती माल जाईल याची चिंता ज्याला आहे त्याने बंदुका मोजाव्यात. काय जाणून घ्यावयाचे आहे हे न ठरविता मोजणी सुरू केली, की सर्व आकडे खरे आणि सर्व निरुपयोगी.

विचारणेवर विसंबणे धोक्याचे, म्हणून अप्रत्यक्ष खुणाही शोधण्यात आल्या. एकंदर आत्महत्यांपैकी बंदुकीने किती झाल्या, हे प्रमाण घरोघरच्या बंदुकांशी पुष्कळ जुळते, असे तिकडे दिसून आले. शिकारीचे परवाने, बंदूकविषयक मासिकांचे वर्गणीदार, पूर्वतपासण्या आणि निरनिराळ्या पाहण्या हे सारे एकत्र गुंफून रँड या संस्थेने २०२० साली अमेरिकेतील प्रत्येक राज्यासाठी १९८० ते २०१६ पर्यंतचे अंदाज प्रसिद्ध केले. एका साक्षीदाराचा भरवसा नसेल तर पाच जणांच्या जबान्या ताडून पाहाव्यात, या न्यायाचेच हे काम आहे आणि आजवरच्या प्रयत्नांत ते सर्वांत समंजस म्हणावे लागेल. परंतु ही खूण आपल्याकडे आणून लावता येत नाही. भारतात आत्महत्या गळफासाने आणि विषाने होतात. कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याच्या हाताशी असते ते पिकावर फवारण्याचे औषध. बंदुकीच्या आत्महत्या मोजून तंजावर जिल्ह्यातील बंदुका अजमावू पाहणारा मनुष्य हाती काही लागल्याशिवाय परत येईल.

याच दक्षिणेत, तंजावरपासून पश्चिमेस कावेरीच्या उगमाकडे गेले म्हणजे, एक प्रांत असा लागतो की जेथे हा सारा प्रश्न निराळा होतो. कोडगू, म्हणजे जुना कूर्ग. तेथील कोडव लोकांना आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजी अमदानीपासून हत्यारांच्या परवान्यातून सूट मिळालेली आहे. २०१९ साली केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढविली आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कैलपोढ या सणाला तेथे बंदुका मांडून, फुलांनी सजवून त्यांची पूजा होते. अशा घरी जाऊन 'बंदूक आहे काय?' असे विचारले तर यजमान बहुधा ती भिंतीवरून काढून दाखवील आणि वर कॉफीही देईल. कावेरी तीच, पण उगमाजवळ जे अभिमानाने सांगितले जाते ते मुखाजवळ कुजबुजूनही सांगितले जाणार नाही. दोन्ही जिल्ह्यांत एकाच नमुन्याचे पत्रक घेऊन पाहणी केली आणि कोडगूत बंदुका अमुक पट अधिक असा निष्कर्ष काढला, तर त्यात बंदुकांचा वाटा किती आणि निर्भयतेचा वाटा किती, हे कोण वेगळे करणार?

भारतीय मनुष्य पाहणीवाल्याला दारातून परत पाठवीत नाही, ही एक जमेची बाजू सांगितली जाते. आणि ती खरी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निवडलेल्या घरांपैकी शेकडा अठ्ठ्याण्णव घरांनी उत्तरे दिली. अमेरिकेतील वर सांगितलेल्या पाहणीत हेच प्रमाण पूर्वी सत्तरांच्या वर असे, ते २०१८ साली साठाच्या खाली गेले. जे चाळीस दार उघडीत नाहीत त्यांच्यात बंदूकवाले अधिक की कमी, हे कोणास ठाऊक? पासंग बदलतो तो असा. आपल्याकडे दार उघडते, पाणी विचारले जाते, सतरंजी टाकली जाते. परंतु दार उघडणे निराळे आणि मन उघडणे निराळे. नकाराचा रकाना कोरा राहिला म्हणून उत्तराचा रकाना खरा ठरत नाही.

या अडचणीवर संख्याशास्त्राने एक मोठी चतुर युक्ती काढली आहे. १९६५ साली वॉर्नर या अमेरिकन संशोधकाने तिची मूळ कल्पना मांडली. पुढे तिचे सोपे प्रकार निघाले. त्यांतला एक असा. पाहणीवाला घरधन्याच्या हाती एक नाणे देतो आणि स्वतः पाठ फिरवितो. घरधन्याने नाणे उडवावयाचे. छाप पडला तर काही विचार न करता 'होय' म्हणावयाचे. काटा पडला तर खरे उत्तर द्यावयाचे. नाणे काय पडले हे पाहणीवाल्याला कधीच कळत नाही. त्यामुळे एखाद्याने 'होय' म्हटले तरी त्याच्याकडे बंदूक आहे असे कोणालाही म्हणता येत नाही, पोलिसालाही नाही. पण हजार घरे झाली म्हणजे हिशेब खुला होतो. सुमारे पाचशे 'होय' नाण्याचे. एकंदर 'होय' पाचशे चाळीस आले, तर उरलेल्या पाचशे घरांपैकी चाळीस घरांचे 'होय' खरे. म्हणजे शेकडा आठ. व्यक्तीचे गुपित राहिले आणि समाजाचे उत्तर मिळाले.

युक्ती सुंदर आहे. तिला मोल मात्र द्यावे लागते. नाण्याचा खेळ मध्ये आल्याने आकड्यात डळमळ वाढते, आणि तेवढीच अचूकता हवी तर कितीतरी अधिक घरे गाठावी लागतात. साडेबावीस हजार परवान्यांच्या राज्यात, जेथे शेकडा एखादे घरही बंदुकीचे नसेल, तेथे ही डळमळ मूळ आकड्यालाच गिळून टाकील. शिवाय ज्या गृहस्थाचा सरकारवर विश्वास नाही त्याचा नाण्यावर तरी का बसावा? छाप पडला असताही 'नाही' म्हणून मोकळे होणारे लोक निघतातच. तेव्हा युक्तीपेक्षा महत्त्वाचे ते हे, की वही कोणाच्या हातात आहे. महसूल खात्याच्या किंवा पोलीस ठाण्याच्या माणसाने हा प्रश्न विचारणे म्हणजे उत्तर आधीच सांगून ठेवणे होय. निवडणुकीच्या आधी परवानाधारकांकडून हत्यारे ठाण्यात जमा करून घेतली जातात तेव्हा जी मोजणी होते ती बिनचूक असते, कारण ती अगोदरच माहीत असलेल्यांची असते.

विश्वासाला कायद्याचा आधार देता येतो आणि तो आपल्याकडे आहेही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे प्रगणकाच्या वहीतली नोंद कोणास पाहता येत नाही आणि पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. त्या संरक्षणाखाली २०११ च्या जनगणनेसाठी देशातील प्रत्येक घराला विचारण्यात आले, की घरी रेडिओ आहे काय, दूरचित्रवाणी आहे काय, सायकल आहे काय, मोटार आहे काय. तंजावरच्या राजवाड्याभोवतालच्या गल्ल्यांतही प्रगणक हिंडले आणि लोकांनी आपल्या सायकली निमूटपणे मोजू दिल्या. बंदुकीचा रकाना त्या पत्रकावर नव्हता.